चहाघराच्या भिंतीवरची फ्रेंच नक्षी

चहा आणि केक निवांत बसून खाण्या-पिण्याच्या जागेला फ्रान्समध्ये ‘सालों द ते’ म्हणतात. कॅफेत माणसे काउंटरपाशी उभ्याउभ्या कॉफी संपवून निघतात. इथे मात्र दोघी-तिघी मैत्रिणी तासभर बसतात, किटलीत पुन्हा गरम पाणी मागवतात आणि बोलता बोलता त्यांची नजर भिंतीवरून फिरत राहते. म्हणून या भिंतीवरच्या कागदाकडून दोन परस्परविरुद्ध अपेक्षा असतात. आत पाऊल टाकताच तो शांत वाटला पाहिजे आणि तासभर बघूनही संपता कामा नये. पहिली अपेक्षा फिकट रंग पुरी करतात, दुसरी नक्षीत दडवलेल्या खोड्या. दोन्ही एकाच कागदावर नांदवण्याची रीत फ्रान्समध्ये अठराव्या शतकात घडली. आजचे डिझायनर संगणकावर काम करत असले, तरी त्यातले बहुतेक नियम तेव्हाचेच आहेत.

पॅरिसची चहाघरे

फ्रान्समध्ये चहा सतराव्या शतकात पोहोचला, पण बराच काळ तो श्रीमंतांच्या दिवाणखान्यातच राहिला. तो बाजारपेठेतल्या टेबलावर आला एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. लुई-एर्नेस्ट लाडुरे यांनी १८६२ मध्ये पॅरिसच्या र्‍यू रॉयालवर बेकरी काढली. १८७१ च्या पॅरिस कम्यूनच्या धामधुमीत ती जळाली आणि तिच्या जागी केक-पेस्ट्रीचे दुकान उभे राहिले. त्याची सजावट ज्यूल शेरे या जाहिरातचित्रांसाठी गाजलेल्या चित्रकाराकडे सोपवली गेली. छतावर त्याने आचाऱ्याच्या वेषातली गुटगुटीत देवबाळे रंगवली. पुढे लाडुरे यांच्या पत्नी जान सुशार यांनी दुकानातच बसून चहा घेण्याची सोय केली. त्या काळी कॅफे हा पुरुषांचा अड्डा होता, प्रतिष्ठित घरातल्या बाईने तिथे एकटीने जाऊन बसणे लोकांना खपत नसे. चहाघरात तिला मोकळेपणी बसता येऊ लागले. १९०३ मध्ये आंतोन रुम्पलमायर यांनी र्‍यू द रिव्होलीवर ‘आंजेलिना’ सुरू केले आणि चहाघर ही पॅरिसची ओळख बनली.

ही सगळी बडी ठिकाणे. वस्तीतले चहाघर वेगळे असते. आठ-दहा टेबले, रस्त्याकडेला एक मोठी खिडकी, मागे चिंचोळे स्वयंपाकघर, एवढाच संसार. संगमरवर, सोनेरी महिरपी आणि रंगवलेले छत इथे परवडत नाही, आणि परवडले तरी शोभत नाही. कागद परवडतो. वॉलपेपरचा जन्मही याच कारणाने झाला. ज्यांना रेशमी पडदे आणि विणलेली भित्तिवस्त्रे घेता येत नव्हती, त्यांच्यासाठी तो निघाला.

सुट्या तावांपासून रोलपर्यंत

फ्रान्समधले सुरुवातीचे नक्षीदार कागद ‘दोमिनो’ या नावाने ओळखले जात. हे छोटे सुटे ताव असत. लाकडी ठशाने काळी बाह्यरेषा छापायची आणि आतले रंग कापलेल्या साच्यातून भरायचे, अशी त्यांची पद्धत. ते पुस्तकाला वेष्टण म्हणून, खणाला अस्तर म्हणून आणि गरिबाच्या खोलीत भिंतीला म्हणून चिकटवले जात. प्रत्येक ताव स्वतंत्र असल्याने भिंतीवर ते ठिगळांसारखे दिसत. एका तावावरची वेल पुढच्या तावावर अखंड चालू राहील अशी नक्षी १६८८ च्या सुमारास पॅरिसच्या जां पापियों यांनी प्रथम केली, असे मानले जाते. इथून पुढे कागद भिंतीच्या मापाने आखला जाऊ लागला.

फुलांच्या आणि वेलींच्या नक्षीची प्रेरणा बऱ्याच अंशी भारतातून आली. कोरोमंडल किनाऱ्यावरची छापील आणि कलमकारी छीट फ्रान्समध्ये इतकी खपू लागली, की देशी रेशीम आणि लोकर विणणाऱ्यांनी आरडाओरडा केला. सरकारने १६८६ मध्ये अशा कापडावर बंदी घातली. ती १७५९ पर्यंत टिकली. बंदी उठताच पुढच्याच वर्षी क्रिस्तोफ-फिलिप ओबेरकाम्फ यांनी व्हर्सायजवळच्या झुई-आं-जोसास गावी छपाईचा कारखाना घातला. मोतिया कापडावर एकाच लाल, निळ्या किंवा जांभळट रंगात छापलेली खेड्यातली दृश्ये ही त्याची खासियत ठरली. ते कापड ‘त्वाल द झुई’ या नावाने जगभर गेले. ओबेरकाम्फ यांनी १७७० मध्ये कोरीव तांब्याचे पत्रे वापरात आणले, त्यामुळे लाकडी ठशाला न जमणाऱ्या केसासारख्या बारीक रेषा छापता येऊ लागल्या.

कागदाला खरी प्रतिष्ठा मिळवून दिली जां-बातिस्त रेव्हेयों यांनी. पॅरिसच्या फोबूर सेंत-आंत्वान भागात त्यांचा कारखाना होता आणि तिथे तीनशेहून अधिक माणसे कामाला होती. ओबेरकाम्फसाठी दृश्ये काढणारे चित्रकार जां-बातिस्त ह्युए यांनी रेव्हेयों यांच्यासाठीही कागद चितारले. उंच पट्ट्यात मधोमध फुलदाणी, तिच्यातून वर चढणाऱ्या नाजूक वेली आणि वेलींच्या टोकांवर पक्षी, खारी, पऱ्या असा त्यांचा थाट असे. माँगोल्फिए बंधूंचा जो गरम हवेचा फुगा १९ सप्टेंबर १७८३ रोजी व्हर्सायच्या प्रांगणातून मेंढी, बदक आणि कोंबडा घेऊन उडाला, तो याच कारखान्यात तयार झाला होता. आकाशी जमिनीवर सोनेरी नक्षी अशी त्याची सजावट रेव्हेयों यांच्या हातची होती. मात्र रंग हलके असले म्हणून काळ हलका नव्हता. मालक मजुरी कमी करणार अशी आवई उठली आणि एप्रिल १७८९ मध्ये जमावाने रेव्हेयों यांची मालमत्ता लुटली. फ्रेंच राज्यक्रांतीची नांदी ठरलेला बास्तीयचा तुरुंग पडण्याच्या जेमतेम तीन महिने आधीची ही घटना.

क्रांतीनंतर या धंद्याचा दुसरा गड अल्सास प्रांतात उभा राहिला. जां झुबेर यांचा कारखाना १७९७ पासून रिक्सहाइम गावात आहे आणि तिथेच आज वॉलपेपरचे संग्रहालयही आहे. झुबेर यांनी १८०७ मध्ये ‘हिंदुस्थान’ नावाचा कागद काढला. वीस पट्टे ओळीने लावले की खोलीच्या चारही भिंतींवर घाट, देवळे, हत्ती आणि मिरवणुका असे एक सलग दृश्य उभे राहते. त्यासाठी १२६५ ठसे आणि ८५ रंग लागले. चित्रकार पियेर-आंत्वान माँजें यांनी तो थॉमस आणि विल्यम डॅनियल या इंग्रज काका-पुतण्यांच्या भारतचित्रांवरून रचला. वेरूळची लेणी दाखवणारी जी प्रसिद्ध चित्रमालिका मराठी वाचकांना ठाऊक असते, ती याच डॅनियलांची. चहाघराला एवढा पसारा झेपत नाही. पण झुबेर यांच्या कारखान्यातली दुसरी एक युक्ती त्याला फार उपयोगी पडते. १८२० च्या सुमारास तिथे एक रंग दुसऱ्यात हळूहळू विरत जाईल अशी छपाई साधली. पहाटेच्या आभाळासारखी गुलाबीतून आकाशीत उतरणारी जमीन तेव्हापासून फ्रेंच कागदाच्या खजिन्यात आहे.

फिकट रंगांचे रहस्य

जुन्या फ्रेंच कागदाचा दुधाळ रंग हा आवडीचा जितका, तितकाच रसायनाचा परिणाम आहे. तेव्हाचा रंग म्हणजे खडूची पांढरी भुकटी, जनावराच्या कातड्यापासून काढलेला सरस आणि रंगद्रव्य यांचे मिश्रण. आधी पूर्ण कागदावर या रंगाचा एक हात फिरवून जमीन करत, मग तिच्यावर ठसे उमटवत. खडूमुळे रंग वाळल्यावर फिका पडतो आणि त्याला अजिबात चकाकी राहत नाही. प्रकाश त्यावर पडून विखुरतो, म्हणून भिंत मऊ भासते. पेस्टल खडूंनी काढलेल्या चित्राचेही तेच तंत्र आहे, त्यातही रंगद्रव्याला पांढऱ्या भुकटीची जोड असते. व्हेनिसची चित्रकर्ती रोझाल्बा कारिएरा १७२० मध्ये पॅरिसला आली आणि तिथे पेस्टल व्यक्तिचित्रांचे वेड पसरले. मोरिस कांतें द ला तूर यांनी पेस्टलमध्ये काढलेले, राजा पंधराव्या लुईच्या प्रेयसी मादाम द पाँपादूर यांचे मोठे चित्र १७५५ च्या प्रदर्शनात लोकांनी पाहिले. त्याच पाँपादूरबाईंच्या आश्रयाने वाढलेल्या सेव्ह्र येथील चिनी मातीच्या कारखान्यात गुलाबी, आकाशी निळा आणि हिरवट सफरचंदी रंग घडले. म्हणजे भिंत, चित्र आणि चहाचा कप हे तिन्ही एकाच काळात एकाच रंगमेळात आले.

आज असा कागद आखताना पहिली चूक होते ती रंगात नुसता पांढरा घालण्याची. लाल आणि पांढरा मिसळला की बाळाच्या खोलीतला गुलाबी मिळतो. फ्रेंच गुलाबीत थोडी माती असते. त्यात किंचित पिवळी गेरू किंवा हिरवा मिसळला की तो अबोलीकडे झुकतो आणि शांत होतो. आकाशीत चिमूटभर राखाडी, पिस्त्यात थोडा बदामी, जांभळ्यात थोडा तपकिरी अशी प्रत्येक रंगाला त्याला शांत करणाऱ्या दुसऱ्या रंगाची झाक द्यायची. जमीन पांढरीशुभ्र न ठेवता मोतिया ठेवायची, नाहीतर तिच्यापुढे बाकीचे रंग मळकट दिसतात.

दुसरा नियम रंगांच्या संख्येचा. ठशाच्या छपाईत प्रत्येक रंगाला वेगळा ठसा कोरावा लागे, तो वाळेपर्यंत थांबावे लागे, मग पुढचा. रंग वाढला की खर्च वाढला, म्हणून चितारी काटकसर करत. डिजिटल छपाईत शंभर रंगांचाही खर्च तोच येतो, तरीही जाणते डिझायनर सहा ते आठ रंगांवर थांबतात. मोतिया जमीन, पिस्ता, अबोली, राखाडी झाक असलेला आकाशी, बदामी, फिका जांभळा आणि या सगळ्यांना बांधून ठेवणारी एक गडद रेषा एवढ्यात काम भागते. ती गडद रेषा काळी नको, करड्या तपकिरीची हवी. ती नसली तर फिकट रंग एकमेकांत मिसळून दोन मीटरवरून भिंतीवर नुसते डाग दिसतात. याची परीक्षा सोपी आहे. आराखड्याचा कृष्णधवल फोटो काढायचा. त्यात आकृती आणि जमीन वेगळी ओळखू आली, तर रंगांची उजळ-गडद मांडणी बरोबर आहे.

हिरव्याबद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. १७७५ मध्ये शोधलेला शीलचा हिरवा आणि १८१४ पासून बनू लागलेला श्वाइनफुर्टचा हिरवा हे दोन्ही रंग तांबे आणि आर्सेनिक यांपासून होत. एकोणिसाव्या शतकातल्या सुंदर हिरव्या कागदांत ते सर्रास सापडतात, आणि ते विषारी आहेत. त्यामुळे जुन्या घरातून निघालेला मूळ कागद घासून, खरवडून पुन्हा वापरण्याचा मोह टाळावा. त्यावरून नवा छापणे सुरक्षित. आजची रंगद्रव्ये निराळी असतात.

खोड्या कुठून येतात

फ्रेंच नक्षीतल्या विनोदाचे तीन जुने झरे आहेत. पहिला माकडांचा. माणसासारखी वागणारी माकडे रंगवण्याचा प्रकार सतराव्या शतकाच्या अखेरीस जां बेरें यांच्या नक्षीत दिसतो. त्याचा कळस क्रिस्तोफ ह्युए यांनी शांतियीच्या राजवाड्यात केला. तिथल्या दोन खोल्या १७३५ ते १७३७ या काळात रंगवल्या गेल्या. त्यातल्या माकडिणी नटतात, पत्ते खेळतात, उमरावांच्या बायकांसारख्या मिरवतात. घराच्या मालकाचीच नक्कल त्याच्या भिंतीवर, आणि तो खूश. चहाघरात बसलेल्या गिऱ्हाइकाची अशी प्रेमळ टवाळी करायला माकडासारखा सोबती नाही. करंगळी उचलून कप धरणारे, केकचा शेवटचा तुकडा पळवणारे, किटलीत डोकावणारे माकड कुणालाही न दुखवता हसवते.

दुसरा झरा चीनच्या कल्पनेचा. चहा, चिनी मातीची भांडी आणि लाखेची पेटी एकाच व्यापारातून युरोपात आली आणि त्यांच्यावरच्या चित्रांवरून तिथल्या कलाकारांनी एक मनचा चीन रचला. लिऑंचे जां पियमाँ (१७२८–१८०८) यांनी यात कमाल केली. जगात कुठेच न उमलणारी फुले घरापेक्षा मोठी, छत्र्यांना घंटा, कमळाच्या देठाला टांगलेले झोपाळे अशा त्यांच्या नक्षी कोरीव चित्रांच्या वह्यांतून पॅरिस आणि लंडनमध्ये खपत आणि कापड, कागद, लाकूडकाम सगळीकडे उतरत. आज या झऱ्यातून घेताना पारख लागते. मोठ्या फुलांचे आणि अधांतरी पुलांचे वेड अजून ताजे आहे, पण त्यात येणाऱ्या चिनी माणसांच्या बाहुल्या अनेकदा टिंगलीच्या अंगाने जातात. माणसे गाळून झोपाळे, पूल आणि पक्षी ठेवले तर गंमत शाबूत राहते.

तिसरा झरा ताज्या घटनांचा. २७ ऑगस्ट १७८३ रोजी पॅरिसहून सोडलेला हायड्रोजनचा फुगा गोनेस गावाजवळ उतरला. आकाशातून राक्षस आला असे वाटून गावकऱ्यांनी त्याच्यावर शेतीची हत्यारे चालवली. वर्षभरातच ओबेरकाम्फ यांच्या कारखान्याने या फजितीचे कापड काढले, आणि फुग्याला भोसकणारे गावकरी पडद्यांवर, पलंगपोसांवर झळकू लागले. वस्तीतल्या चहाघरासाठी हाच झरा सगळ्यांत कामाचा आहे, कारण त्यात त्या वस्तीला जागा मिळते. ग्लासगोच्या ‘टिमरस बीस्टीज’ या संस्थेने २००४ मध्ये त्वालच्या जुन्या घाटात ग्लासगोच्या उंच इमारती आणि रस्त्यावरची माणसे बसवली. न्यूयॉर्कच्या शीला ब्रिजेस यांनी २००६ मध्ये हार्लेमची त्वाल केली. तिच्यात कृष्णवर्णीय माणसे नाचतात, बास्केटबॉल खेळतात, सहल करतात. लांबून पाहणाऱ्याला दोन्ही कागद राजेशाही थाटाचे वाटतात, जवळ गेल्यावर हसू येते.

पॅरिसच्या कालव्याकाठच्या चहाघरासाठी असाच विचार केला, तर आयफेल मनोऱ्याला रजा द्यावी लागेल. तो तर पर्यटकांच्या टोपीवरही असतो. त्याऐवजी कालव्यावरचा लोखंडी पूल, रविवारच्या बाजारातली चीजवाली, बागेतल्या हिरव्या खुर्च्या, केसांची हजामत करून आलेला पूडल आणि पावाच्या लांब लाद्यांवर टपलेल्या चिमण्या हे घेता येते. गिऱ्हाइकाला त्यातला पूल ओळखू आला की कागद त्याचा होतो.

विसाव्या शतकाने यात आणखी एक भर घातली. फॅशनकार पोल प्वारे यांनी १९११ मध्ये ‘आतलिए मार्तिन’ काढले. तिथे कामगार घरांतल्या लहान मुलींना कुठलेही शास्त्रशुद्ध शिक्षण न देता बागेत आणि प्राणिसंग्रहालयात नेऊन मनासारखे चितारू देत. त्यांच्या बाळबोध, मोठमोठ्या फुलांचे कागद आणि कापड निघाले. सजावटकार आंद्रे ग्रूल यांनी मारी लोरांसें या चित्रकर्तीकडून गुलाबी-राखी छटांचे कागद करून घेतले. थरथरती, थोडी चुकलेली रेषा तेव्हापासून फ्रेंच खेळकरपणाचा भाग झाली आहे.

रिपीटची शिस्त

वॉलपेपर म्हणजे एकच चित्र शेकडो वेळा. जो तुकडा पुन्हा पुन्हा येतो त्याला धंद्यात रिपीट म्हणतात. युरोपात प्रचलित रोल ५३ सेंटीमीटर रुंद आणि १०.०५ मीटर लांब असतो. उभा रिपीट बहुधा ५३ किंवा ६४ सेंटीमीटरचा. ठशाच्या काळात ठसा एका माणसाला उचलता यावा लागे, म्हणून साधारण एवढेच माप पडे. याहून मोठी नक्षी हवी असेल तर दोन-तीन ठसे एकाखाली एक उमटवत.

खोडीचा खरा शत्रू हा रिपीटच. केक पळवणारे माकड पहिल्यांदा दिसते तेव्हा हसू येते, पण ते दर हातभर अंतरावर त्याच अंगविक्षेपात दिसू लागले की डोळे माकडे मोजायला लागतात. यावर चार उपाय आहेत. एका रिपीटमध्ये एकाच माकडाऐवजी तीन-चार माकडे वेगवेगळ्या दिशांना तोंड करून ठेवायची. त्यातले कुठलेही एक फार ठसठशीत करायचे नाही. शेजारचा पट्टा अर्ध्या रिपीटने खाली सरकवायचा, याला हाफ ड्रॉप म्हणतात. त्यामुळे समान आकृत्या आडव्या ओळीत न येता तिरप्या विखुरतात. आणि सगळ्यांत गमतीची खूण सर्वांत लहान काढायची, म्हणजे ती दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत सापडते.

आराखडा करण्याची जुनी रीत अजून चालते. कागदावर मधोमध चित्र काढायचे, ताव उभा-आडवा कापून चार तुकडे करायचे आणि त्यांची अदलाबदल करून कडा आत आणायच्या. आता मध्ये जी रिकामी फुली दिसते ती नव्या आकृत्यांनी भरायची. असे केले की कडा आपोआप जुळतात. संगणकावरही हेच करतात, फक्त कात्री लागत नाही. मग तीन आडवे आणि तीन उभे असे नऊ रिपीट एकत्र छापून भिंतीला लावायचे आणि चार-पाच पावले मागे जाऊन डोळे बारीक करून बघायचे. जमिनीचे रिकामे तुकडे एका रेषेत येऊन गल्ली पडली असेल किंवा गुलाबी ठिपक्यांची तिरपी रांग दिसत असेल, तर ती इथेच कळते. एकट्या तुकड्यात ती कधीच दिसत नाही.

आकृतींचे माप टेबलावरून ठरते. बसलेल्या माणसाचा डोळा फरशीपासून साधारण १.१ ते १.२ मीटरवर असतो आणि भिंत त्याच्यापासून एक ते दोन मीटर लांब. अशा अंतरावर चार-पाच इंची आकृतीचा चेहरा नीट वाचता येतो. त्याहून लहान असली तर ठिपका होतो, फार मोठी असली तर छोट्या खोलीत अंगावर येते. पट्ट्यांचा सांधा कुठल्याही चेहऱ्यातून जाऊ देऊ नये. कागद लावणाऱ्याचा हात किंचित हलला तरी माकडाला दोन नाके येतात.

रोलचा हिशेब

नक्षी आवडली म्हणून भागत नाही, ती भिंतीच्या उंचीला परवडलीही पाहिजे. पॅरिसच्या जुन्या इमारतीतल्या ३.२० मीटर उंच खोलीचे उदाहरण घेऊ. दारे-खिडक्या वगळून कागद लावायची लांबी १४ मीटर आहे, म्हणजे ५३ सेंटीमीटरचे २७ पट्टे. वर-खाली छाटण्यासाठी १० सेंटीमीटर धरून प्रत्येक पट्टा ३.३० मीटरचा हवा. जुळणी नसलेल्या साध्या कागदात एका रोलमधून तीन पट्टे निघतात, ९ रोल पुरतात. ६४ सेंटीमीटरच्या रिपीटमध्ये मात्र प्रत्येक पट्टा पूर्ण रिपीटच्या पटीत कापावा लागतो, म्हणजे ३.८४ मीटर. मग एका रोलमधून दोनच पट्टे निघतात, १४ रोल लागतात आणि दर रोलमागे २.३७ मीटर तुकडा उरतो.

आता याच भिंतीला खालून ९० सेंटीमीटरपर्यंत लाकडी फळ्यांचे आच्छादन दिले, तर कागदाची उंची २.३० मीटर राहते. छाटणीसह २.४०, आणि रिपीटच्या पटीत २.५६ मीटर. एका रोलमधून तीन पट्टे निघतात, ९ रोल पुरतात. नक्षी तीच, पण पाच रोल वाचले. शिवाय खुर्च्यांच्या पाठी, पिशव्या आणि लहान मुलांचे हात ज्या उंचीवर भिंतीला लागतात तिथे लाकूड आले. फ्रेंच घरांत भिंतीच्या खालच्या भागाला लाकूड लावण्याची पद्धत जुनीच आहे, चहाघरात ती दुहेरी कामाची ठरते. लाकडाला कागदातल्याच एका रंगाची, बहुधा पिस्त्याची किंवा बदामीची, एक पायरी गडद छटा देतात. लाकूड संपते तिथे नक्षीतला एखादा मोठा देखावा सुरू होईल असे बेतले, की तो नेमका बसलेल्याच्या नजरेसमोर येतो.

सगळ्या भिंतींना चित्रांचा कागद लावण्याचीही गरज नसते. तीन भिंतींवर माकडांची नक्षी आणि काउंटरमागे त्यातल्याच दोन रंगांचे उभे पट्टे असले की डोळ्यांना विसावा मिळतो. बेसिनच्या छोट्या खोलीत दोमिनोच्या धर्तीची बारीक, भूमितीय नक्षी शोभते. असे दोमिनो कागद पॅरिसच्या ‘आंत्वानेत प्वासाँ’ या संस्थेने २०१२ पासून पुन्हा प्रचारात आणले आहेत. पाँपादूरबाईंचे माहेरचे नावच त्यांनी घेतले आहे.

उजेड, कागद आणि लावणी

फिकट रंग उजेडाला फार संवेदनशील असतात. चहाघरात संध्याकाळी बहुधा २७०० ते ३००० केल्व्हिनचे पिवळसर दिवे लागतात. त्यांच्याखाली गुलाबी आणि बदामी खुलतात, फिका निळा हिरवटतो आणि जांभळा राखेसारखा होतो. उत्तरेकडच्या खिडकीतून येणाऱ्या थंड उजेडात नेमके उलटे घडते. म्हणून कमीत कमी एक मीटर लांबीचा नमुना छापून तो त्याच भिंतीवर, टेबलाच्या उंचीला, सकाळी आणि दिवे लागल्यावर बघतात. पडद्यावर पाहून रंग मंजूर करण्यात अर्थ नसतो, कारण पडदा स्वतः प्रकाश फेकतो आणि खडूसारखा मंद पोत त्यावर दिसूच शकत नाही.

कागद म्हणून आता बहुधा नॉन-वोव्हन वापरतात. त्यात लाकडाच्या लगद्याबरोबर पॉलिस्टरचे धागे असतात. ओला झाला तरी तो फुगत नाही, चिकटद्रव्य थेट भिंतीला लावता येते आणि पुढे बदलायचा झाला तर तो अखंड सोलून निघतो. चकाकणारा विनाइल थर पुसायला सोपा, पण त्यामुळे पेस्टलचा दुधाळपणा जातो. त्यापेक्षा पुसता येणारा मॅट लेप बरा. रोलच्या वेष्टणावर लाटांच्या खुणा असतात आणि जितक्या लाटा अधिक तितका कागद जास्त धुता येतो. वाफ, लोणी आणि सांडलेला चहा यांच्या शेजारी राहायचे असल्याने ही खूण बघूनच घेतात. लोकांची ये-जा असलेल्या जागेत कागदाचा आगीपुढचा वर्गही तपासावा लागतो. युरोपात तो ए-१ पासून एफ पर्यंतच्या श्रेणीत छापलेला असतो. ज्यांना हाताने छापलेलाच कागद हवा असतो त्यांच्यासाठी फ्रान्समध्ये तूर शहरातले ‘आतलिए दोफार’ अजूनही लाकडी ठशांनी छपाई करते.

लावणीची सुरुवात दारातून आत येणाऱ्याला प्रथम दिसणाऱ्या भिंतीच्या मध्यापासून करतात. पहिला पट्टा ओळंब्याने सरळ लावला की बाकीचे त्याला धरून चालतात. जुन्या इमारतींचे कोपरे काटकोनात नसतात, म्हणून प्रत्येक कोपऱ्यानंतर ओळंबा पुन्हा धरावा लागतो. खोलीला वळसा घालून शेवटचा पट्टा पहिल्यापाशी येतो तेव्हा नक्षी क्वचितच जुळते. हा बेजोड सांधा दाराच्या वर किंवा कपाटामागे येईल असे आधीच ठरवून ठेवतात. सगळे रोल एकाच छपाई क्रमांकाचे घेतात, कारण दोन वेळच्या छपाईत फिकट रंगाचा सूक्ष्म फरक पडतो आणि तो सपाट जमिनीवर लगेच उठून दिसतो. त्याच क्रमांकाचा एक रोल जास्तीचा घेऊन कोरड्या जागी आडवा ठेवला, तर पुढे डाग पडलेला एखादा पट्टा सोलून तिथे नवा लावता येतो.